सात सह्या करण्याआधी

मालाड पूर्व, मालाड पश्चिम, मालवणी, मार्वे आणि मढ इथे नवी संस्था काढायला निघालेल्या संस्थापक सभासदांनो,



कायद्याला सात माणसे पुरतात. १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाप्रमाणे सात जणांनी विधानपत्रावर सह्या केल्या, सोबत नियमावली जोडली, की संस्थेच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. हा कायदा जेमतेम वीस कलमांचा. त्याच साली झालेली भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ला निवृत्त झाली, हा मात्र अजून कामावर आहे. आपल्या मालाडात असे सात जण कुठे ना कुठे जमतच असतात. लिबर्टी गार्डनच्या बाकांवर ज्येष्ठ नागरिक संघाचे घाटते, कुरारला महिला मंडळाचे, ऑर्लेमला गाणाऱ्यांचे, मार्वे रोडवर सायकलवाल्यांचे. चहा होतो, नाव ठरते, लोगो कोणाच्या भाच्याकडून करून घ्यायचा तेही ठरते. मग कोणीतरी विचारते, "आणि घटनेचं काय?" त्यावर ठरलेले उत्तर येते, "नमुना मिळतो हो. नावं बदलायची फक्त."

या उत्तरावर माझी हरकत आहे आणि ती जाहीरपणे नोंदवावी म्हणून हे पत्र. असे मसुदे नजरेखालून घालायला माझ्याकडे अधूनमधून येतात. मी वकील नाही. सभांना शेवटपर्यंत बसायची आणि इतिवृत्ते लिहायची हौस आहे, एवढीच पात्रता.

नमुना चुकीचा नसतो, तो नोंदणीच्या मापाने बेतलेला असतो. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची संस्था १८६०च्या कायद्याखाली नोंदली की १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. त्यासाठी जे रकाने भरलेले हवेत ते नमुन्यात बरोबर असतात: नाव, पत्ता, उद्देश, पहिली कार्यकारिणी, हिशेबाचे वर्ष. पण तुमच्यापैकी कोण कोणाशी पुढे बोलेनासा होणार, हे अर्ज तपासणाऱ्याला कसे कळावे? ते तुम्हालाच आधी ताडावे लागते. सगळे गोडीगुलाबीत चालले असते तोवर घटना कपाटातून कोणी बाहेर काढत नाही. तिची आठवण होते ती बिनसल्यावर. तेव्हा लिहिताना तो दिवस डोळ्यांपुढे ठेवून लिहा, माझे सांगणे एवढेच आहे. पुढचे सगळे त्याचाच तपशील.

आधी उद्देश. मागे एका वाचनकट्ट्याचा मसुदा वाचला. महिन्याला एक पुस्तक वाचायचे आणि त्यावर बोलायचे, एवढाच त्यांचा बेत. मसुद्यात मात्र रुग्णवाहिका, वृद्धाश्रम, वृक्षारोपण, संगणक प्रशिक्षण, सामुदायिक विवाह आणि गोशाळा. "असू द्या हो, पुढेमागे देणगी आली तर उपयोगी पडेल." असे म्हणणाऱ्यांनी एक विचार करावा. उद्या सभेत कोणी उठून पुस्तकांसाठी जमलेले पैसे गाईंसाठी मागितले, तर त्याला अडवणार कशाच्या जोरावर? गोशाळा तुमच्याच उद्देशांत आहे.

याउलट बहिष्कृत हितकारिणी सभा पाहा. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेली, परळच्या दामोदर हॉलमध्ये कार्यालय असलेली ही सभा याच १८६०च्या कायद्याखाली नोंदलेली होती. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष. देशाच्या घटनेचा मसुदा पुढे ज्यांच्या हातून व्हायचा होता, त्यांच्या या संस्थेचे उद्देश कसे होते? शिक्षणाचा प्रसार करायचा, तो वसतिगृहे काढून. सांस्कृतिक वाढ करायची, ती वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालवून. आर्थिक स्थिती सुधारायची, ती औद्योगिक आणि शेतकी शाळांतून. आणि समाजाची गाऱ्हाणी वेशीवर टांगायची. हेतू आणि त्याचे साधन एकत्र बांधलेले. पुढच्याच वर्षी सोलापुरात सभेचे वसतिगृह उभे राहिले. ज्या उद्देशापुढे साधन लिहिता येत नाही, तो मसुद्यातून काढून टाकावा असे मी सुचवतो. बहुतेक मसुदे निम्म्यावर येतात.

दुसरा प्रश्न, सभासद कोण? इथे मालाडचे मालाडपण आडवे येते. "मालाडमध्ये राहणारी, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली कोणतीही व्यक्ती" असे लिहून मोकळे होता येते. ४०००६४, ४०००९७, ४०००९५ असे पिनकोड घातले की हद्दही आखली जाते. पण आपल्याकडे गल्लोगल्ली निळे पत्रे ठोकलेले आहेत. इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डर भाडे देतोय आणि सभासद बोरिवलीला नाहीतर नालासोपाऱ्याला राहायला गेलाय. तो सभासद राहिला का? झोपडपट्टी पुनर्वसनात संक्रमण शिबिरात गेलेली बाई? अकरा महिन्यांच्या करारावर मालाडात आलेला भाडेकरू? निम्मे वर्ष मुलीकडे पुण्याला असणाऱ्या आजी? एका संघाच्या बैठकीत अख्खी संध्याकाळ यातच गेली, आणि ती वाया गेली असे मला मुळीच वाटत नाही. शेवटी त्यांनी कलम लिहिले ते असे: सभासद होतेवेळी अर्जदार मालाडचा रहिवासी असावा, मग तो मालक असो की भाडेकरू, नंतर पत्ता बदलल्याने सभासदत्व जाणार नाही, नवा पत्ता आणि फोन नंबर चिटणीसांना लेखी कळवणे ही सभासदाची जबाबदारी, न कळवल्यास नोंदवहीतल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असे धरले जाईल.

शेवटचा तुकडा निबर वाटतो खरा. पण तो नसेल तर "मला नोटीसच मिळाली नाही" या एका वाक्यावर तुमची निवडणूक लोंबकळत राहते. नवी कार्यकारिणी निवडून आली की १९५०च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्यावर कोणी हरकत घेतली की चौकशी नेमकी याच कागदांची होते: यादी कोणती, नोटीस कोणाला गेली, सभेला कोण होते.

यादी ज्याच्या बाजूने, संस्था त्याच्याकडे, हे आपल्याकडे फार पूर्वी दिसून चुकले आहे. २ एप्रिल १८७०ला पुणे सार्वजनिक सभा निघाली, तिचे मूळ पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींत. सार्वजनिक काकांच्या त्या सभेत यायचे तर निदान ५० माणसांनी सह्या केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. आम्ही लोकांच्या वतीने बोलतो, असे नुसते म्हणून चालत नसे, कागद दाखवावा लागे. सभासदत्वाची इतकी देखणी अट मी नंतर कुठल्या नियमावलीत पाहिलेली नाही. त्याच सभेच्या व्यवस्थापक मंडळात १८९५ साली टिळकांच्या बाजूचे बहुमत झाले आणि १८९६ साली रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा वेगळी काढली. कोणाचे बरोबर होते हा वाद पुणेकरांनी पुरवून पुरवून खाल्ला आहे, त्यात आपण मालाडकरांनी पडू नये. आपण एवढेच पाहायचे, की ज्यांनी ती सभा नावारूपाला आणली त्या रानड्यांनासुद्धा मते मोजल्यावर काही करता आले नाही.

तुमच्याकडे टिळक-रानडे नसतील, पण निवडणुकीच्या तोंडावर एका गठ्ठ्याने आलेले साठ अर्ज नक्की असतील. सगळ्यांचे हस्ताक्षर एकच, वर्गणीचे पैसे एकाच खिशातले. म्हणून मतदानाचा हक्क सभासद झाल्यावर सहा महिन्यांनी मिळेल असे आजच लिहा. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर सर्वसाधारण सभेकडे दाद मागता यावी, हेही लिहा. नाहीतर याच कलमाच्या आडून कार्यकारिणी आपल्याला नको ती माणसे बाहेर ठेवील.

आजीव सभासद हा तर आपला लाडका प्रकार. सुरुवातीला पैसे हवे असतात, पन्नास जणांकडून एकदाच घसघशीत रक्कम घेतली की खजिनदार खूश. पण हिशेब पुढे बसतो. १८६०च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली त्याला मत देता येत नाही. फार थोड्या चिटणीसांना हे ठाऊक असते. आजीव सभासदाची वर्गणी थकतच नाही, त्यामुळे तो यादीतून गळत नाही. न्यू जर्सीला गेला तरी नाही, आणि वारला तरी घरच्यांनी कळवले तरच. दहा वर्षांनी यादी दीडशेची आणि प्रत्यक्षात उठून येऊ शकणारे साठ, अशी गत होते. पहिली पाच वर्षे आजीव सभासद करूच नयेत, असे माझे मत आहे. खजिनदार रुसतील. रुसू द्यावेत.

आता सभा. "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येऊन त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात येईल व तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." हे वाक्य महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. त्यामुळे पाचची सभा साडेपाचला हेही. अहवाल आणि हिशेब मंजूर करण्यापुरते ते ठीक. पण साडेपाचला जमलेल्या अकरा जणांनी घटनाच बदलली तर? कोणाला काढून टाकले, मुदत ठेव मोडली तर? त्या वाक्याला एक शेपूट जोडा: घटनादुरुस्ती, सभासदाला कमी करणे आणि ठराविक रकमेवरचा खर्च हे विषय तहकूब सभेत घेता येणार नाहीत. विषयपत्रिकेच्या तळाशी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" असतो, त्यालाही हेच शेपूट. आयत्या वेळी आभार मानावेत, श्रद्धांजली वाहावी, पाण्याच्या पिंपाबद्दल बोलावे. पैशाचे आणि खुर्चीचे काही नको.

नोटिशीचेही तसेच. "ग्रुपवर टाकली होती की!" हे आजचे उत्तर. त्या ग्रुपचा ॲडमिन कोण? त्याने गेल्या महिन्यात कोणाला ग्रुपमधून काढले? व्हॉट्सॲप जरूर वापरा, पण नोंदवहीतल्या नंबरवर प्रत्येकाला वेगळा निरोप, १४ दिवस आधी, विषयपत्रिकेसह, असे लिहून ठेवा. आणि चिटणीस सभाच बोलावत नसतील तर काय करायचे? हे कलम मला नमुन्यांत बहुधा धड लिहिलेले आढळत नाही: एक पंचमांश सभासदांनी विषय नमूद करून लेखी मागणी केली की चिटणीसांनी २१ दिवसांत सभा बोलवावी, त्यांनी न बोलावल्यास मागणी करणाऱ्यांनी स्वतः नोटीस काढून घ्यावी, त्यांना सभासदयादीची प्रत मागताच मिळावी. यादी हाती नसेल तर सभा बोलावण्याचा हक्क काय लोणच्यासारखा भरून ठेवायचा?

तुमच्यापैकी एकाला 'संस्थापक अध्यक्ष' व्हायचे असेल. असतेच. बॅनरवर काय छापायचे ते छापा, घटनेत मात्र कोणाचेही नाव आणि तहहयात कोणतेही पद नको. पहिल्या कार्यकारिणीची यादी विधानपत्रात येते, तेवढी पुरे. संस्थापकानंतर काय होते ते पाहायला मालाडबाहेर जायची गरज नाही. बॉम्बे टॉकीज इथलीच. हिमांशु राय यांनी १९३४ साली उभारलेली ती कंपनी. १९४० साली राय गेले. एकीकडे देविका राणी, दुसरीकडे शशधर मुखर्जी, असे दोन तट पडले. दोन्ही गट आळीपाळीने चित्रपट काढू लागले. १९४३ साली मुखर्जी, अशोककुमार आणि त्यांची माणसे बाहेर पडली आणि गोरेगावला फिल्मिस्तान सुरू झाले. ती मर्यादित कंपनी होती, नियम नव्हते असे नाही. पण जिच्यात सगळे निर्णय एका माणसाभोवती फिरत होते, तिला त्याच्यानंतरची घडी बसवता आली नाही. अखेरीस कामगारांनीच सहकारी सोसायटी करून १९५४ साली 'बादबान' काढला, तो त्या नावाच्या शेवटच्या चित्रपटांतला. म्हणून एका पदावर सलग किती वर्षे, त्याचा आकडा घालाच. तीन वर्षांच्या दोन मुदती मला पुरेशा वाटतात. अध्यक्ष अचानक गेले, आजारी पडले, कॅनडाला गेले तर किती दिवसांत त्या जागी कोण, तेही.

सभासदाला काढून टाकण्याचे कलम लिहायला सगळ्यांना संकोच वाटतो. "आपल्यात कशाला असं काही?" आणि मग एका ओळीत उरकतात: संस्थेच्या हिताविरुद्ध वागणाऱ्याचे सभासदत्व कार्यकारिणी रद्द करू शकेल. ही ओळ फार महागात पडते. बेळगावच्या एका मेसॉनिक लॉजने आपल्या सभासदाला काढले, तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९६३च्या निकालसंग्रहांत तो छापलेला आहे. न्यायालयाने सांगितलेले साध्या भाषेत असे: क्लब किंवा लॉज सभासदाला काढू शकते ते त्याने आत येताना मान्य केलेल्या नियमांच्या बळावर, आणि काढायचे तर त्या नियमांत सांगितलेल्या रीतीनेच. न्यायालय तुमच्या निर्णयावर अपील ऐकत बसणार नाही, पण अधिकार नसताना, मनात अढी ठेवून किंवा त्या माणसाचे म्हणणे न ऐकता काढले असेल तर तो निर्णय ते रद्द करू शकते. त्या खटल्यात लॉजची सरशी झाली. तेव्हा आरोप लेखी द्या, उत्तराला मुदत द्या, तक्रार करणाऱ्याला निर्णयाला बसू देऊ नका, शेवटचे मत सर्वसाधारण सभेचे ठेवा. चार ओळी होतात.

घटनादुरुस्ती ना फार सोपी हवी ना अशक्य. उद्देश बदलण्यापुरती १८६०च्या कायद्याच्या कलम १२ ने सोय केली आहे. दहा दिवस आधी सभासदांना प्रस्ताव द्यायचा, विशेष सभेत तीन पंचमांश मते मिळवायची, महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन पंचमांश. बाकी नियम कसे बदलायचे ते तुम्ही ठरवायचे. दोन सभा आणि मधला महिना ही कल्पना मला सगळ्या दुरुस्त्यांसाठी चांगली वाटते, राग उतरायला वेळ मिळतो. पण दुरुस्तीने सगळे सुटते अशाही भ्रमात राहू नये. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने २०१८ साली घटना बदलून संमेलनाध्यक्षपदाची निवडणूक बंद केली. मर्यादित मतदारांच्या दारी लेखकांनी मते मागत फिरायचे, हा जुना ओशाळवाणा प्रकार संपला आणि जानेवारी २०१९च्या यवतमाळच्या ९२व्या संमेलनाला अरुणा ढेरे सन्मानाने अध्यक्ष झाल्या. तेवढ्यात उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाले, त्यावर वादळ उठले आणि महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. अध्यक्ष कसा निवडायचा ते लिहून झाले होते. दिलेले निमंत्रण परत घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दुसऱ्याच दाराने आला. तुमचाही असा एखादा प्रश्न सुटून जाणारच. त्यासाठी एक कलम ठेवा, की घटनेत ज्याचा उल्लेख नाही त्यावर कार्यकारिणीने घेतलेला निर्णय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीला येईल.

पैशाचे थोडक्यात. चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत. संस्था मोडली तर देणी भागवून उरलेले सभासदांनी वाटून घ्यायचे नाही. त्याच १८६०च्या कायद्याच्या कलम १४ ने ते दुसऱ्या संस्थेकडे जाते, कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे ते आधीच लिहा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, आम्ही नुसते पाच-पंचवीस जण. मग नोंदणीच करू नका. नोंदणी झाली की दरवर्षी हिशेबतपासणी आणि अर्ज मागे लागतात, ते झेपणार नसेल तर तसेच चालू द्या. उत्सवापुरती वर्गणी जमवायची असेल तर १९५०च्या कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी घेण्याची वाट आहे. घटना मात्र तरीही लिहा, दोन पानांची. आणि ती सगळ्यांपुढे मोठ्याने वाचा. आपल्याकडे एका मंडळात मराठी, गुजराती, हिंदी, कोकणी बोलणारे एकत्र बसतात. मराठीत लिहिलेले गणपूर्तीचे कलम शेजारच्या बेनला तिच्या भाषेत समजावून सांगताना त्यातले गोंधळ तुमचे तुम्हालाच दिसू लागतात. कोणत्या भाषेतली प्रत अंतिम, हेही त्याच दिवशी ठरवून टाका.



आपला,
एक मालाडकर सभासद

ता. क. मूळ नोंदणीपत्र, सभासद नोंदवही आणि इतिवृत्ताची वही अध्यक्षांच्या घरी ठेवू नका. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली की सामान तीन ठिकाणी जाते आणि वही चौथ्या ठिकाणी. दप्तर कोणाच्या ताब्यात, आणि नवी कार्यकारिणी आल्यावर किती दिवसांत यादी करून, सही घेऊन सोपवायचे, याचे कलम घाला. प्रत्येक पानाचा फोटो काढून किमान तीन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा.